फान काका कडक पाळतात

युश्वानने त्या संध्याकाळी फान काकांच्या ताटाकडे जेवढं लक्ष दिलं, तेवढं खिडकीबाहेर दिलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. ताटात टोफू, बांबूचे कोंब आणि पांढरा भात होता. खिडकीबाहेर पौर्णिमेचा चंद्र होता.

"मीपण शाकाहारीच आहे, काका," तो म्हणाला. लिंगयुन, म्हणजे फान काकांची धाकटी मुलगी, तेव्हा आत चहा करत होती. त्यामुळे हसायला कोणी नव्हतं.

"अंडी?" काकांनी विचारलं.

"छे!"

"दूध?"

"ते वासराचं असतं, काका."

"मध तरी?"

"मधमाश्या राबणार आणि आपण लुबाडणार?"

काकांच्या हातातल्या जेवणाच्या काड्या हवेतच थांबल्या. तैवानमधल्या तायचुंग शहरात त्यांचं टायरचं दुकान होतं. टायर असो की जावई, चढावर नेल्याशिवाय कळत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. थोरल्या जावयालाही त्यांनी डोंगरावर नेऊनच पारखलं होतं.

"पुढच्या आठवड्यात मी आणि लिंगयुन डोंगरावर मुक्कामाला चाललोय. तूपण चल. उतरलो की लग्नाचं बोलू."

"जेवणाचं मी बघतो!" युश्वान म्हणाला.

"बघ बाबा. तुझं फारच कडक दिसतंय."

खात्री करून घ्यावी म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी लिंगयुनला फोन केला. "बाबा शाकाहार पाळतात ना?"

"पाळतात की. अगदी कडक." ती घाईत होती. कधी पाळतात, हे त्याने विचारलं नाही.

मग युश्वान अभ्यासाला लागला. व्हीगन मंडळींना मध चालत नव्हता, देवळातल्या मंडळींना कांदा-लसूण. कोणाशीच वाकडं नको म्हणून त्याने दोन्ही वर्ज्य केलं. जे उरलं ते वजन कमी व्हावं म्हणून वाळवलं. वाळल्यावर मशरूम, टोफू आणि भोपळा यांच्यातला फरक फक्त त्यालाच सांगता येत होता, तोही पुडीवर लिहिलं होतं म्हणून. अंगात ताकद राहावी म्हणून त्याने कच्चा राजमा घेतला.

चढावर काकांनी त्याची पाठपिशवी हाताने तोलून पाहिली. "थोडं मी घेऊ का?"

"नको काका. तुम्ही आरामात चला," युश्वान धापा टाकत म्हणाला.

गवताळ सपाटीवर तंबू लागले. युश्वानने स्टोव्ह पेटवून राजमा चढवला. तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. दिसायला ते तितक्याच जोरात उकळतं, त्यामुळे माणसाची फसगत होते. राजम्याची होत नाही. अंधार पडला तरी तो जसाच्या तसा होता, आणि गॅस संपत आला होता.

तेवढ्यात शेजारी काहीतरी चुरचुरलं. काकांनी स्वतःचा स्टोव्ह पेटवला होता. तव्यावर डुकराच्या मांसाची सॉसेजेस फुगत होती. खारवलेलं बदक कापून तयार होतं. लिंगयुन कच्चा लसूण सोलत होती.

"काका! तुम्ही... तुम्ही तर पाळता ना?"

"पाळतो ना. आज चंद्र कुठे दिसतोय?"

"अजून उगवला नाहीये."

"मग? पौर्णिमा आणि महिन्याची पहिली तिथी, एवढंच पाळतो मी. रोज पाळायला मी काय साधू आहे? तू म्हणालास जेवणाचं बघतो. मला वाटलं, तुझं तू बघशील."

लिंगयुनने सावकाश मान वर केली. "याचं वेगळं कशाला, बाबा?"

"अगं, त्याला मधसुद्धा चालत नाही! मधमाश्यांची दया येते त्याला."

परवाच तिच्या ताटातली कोंबडीची तंगडी युश्वानने पळवली होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. युश्वानने डोळ्यांनी विनवणी केली.

"हो की, बाबा," ती म्हणाली. "फार मऊ मनाचा आहे तो. त्याच्यासमोर खाणं बरं नाही. आपण जरा वारा येतोय त्या बाजूला बसू."

त्या बाजूला बसल्यामुळे सगळा वास युश्वानकडे आला. तो राजमा चावत राहिला. आवाज काकांपर्यंत ऐकू जात होता.

"एक तुकडा?" काकांनी लसणासकट सॉसेज पुढे केलं. "इथे कोण बघतंय?"

युश्वानच्या तोंडाला पाणी सुटलं. ही परीक्षा आहे, हे त्याने ओळखलं. "नको, काका. तत्त्व म्हणजे तत्त्व."

काकांनी समाधानाने मान हलवली आणि तो तुकडा स्वतःच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी उतारावर त्यांनी युश्वानच्या खांद्यावर हात ठेवला. "पसंत आहेस मला."

"माझी तत्त्वं बघून, काका?"

"तत्त्वं कसली! थोरला जावई सणाला येतो आणि बदकाच्या दोन्ही तंगड्या घेऊन बसतो. मुलीचा बाप, बोलता येत नाही. मला असा जावई हवा होता, जो जेवायला येईल आणि वाटेकरी होणार नाही."

मग त्यांनी तिथूनच फोन लावला. "हां, मेजवानीचं बोलायचंय. बदक, खेकडे, सगळं. आणि एक शाकाहारी टेबल. हो, मठातल्या साध्वींचंच. त्यात एक खुर्ची वाढवा." त्यांनी फोनवर हात ठेवून युश्वानकडे कौतुकाने पाहिलं. "नवऱ्या मुलाची."