विसरलेली ताटं आणि सबनीस काका

"जरा ताट दाखवा."

आमच्या नोएडातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसाद जेवून उठलात, की हे ऐकल्याशिवाय तुमची सुटका नाही. मांडवामागे कचऱ्याची तीन पिंपं, आणि त्यांच्यासमोर कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून उभे सबनीस काका. वय अठ्ठ्याहत्तर. ताटात शिऱ्याचा घास उरलेला दिसला तर ते बोलत नाहीत, नुसते बघत राहतात. भलाभला माणूस मुकाट्यानं तो घास तोंडात घालतो आणि पुढे सरकतो.

मी या मंडळाची सेक्रेटरी. हौस म्हणून नाही हो! सहा वर्षांपूर्वी एका बैठकीला उशिरा पोचले, तोवर मला निवडून मंडळी चहाला गेली होती. तेव्हापासून दर भाद्रपदात परवानग्यांचे अर्ज, मांडववाल्याचे फोन आणि सबनीस काका, हे सगळं माझ्याच डोक्याला. थकलेय मी. कुणाला हवी असेल ही खुर्ची तर आजच घेऊन जा.

शंभराहून जास्त माणसं जमणार असतील तर आधी कळवायचं, ओला-सुका कचरा वेगळा ठेवायचा, असा नियम आला आणि काकांना नवा हुरूप चढला. आयुष्यभर केंद्र सरकारात फायली हाताळलेला माणूस. आम्ही नियम वाचला, काकांनी तो पाठ केला. पहिल्याच बैठकीत उभे राहून म्हणाले, "ज्यानं त्यानं ताट-वाटी घरून आणायची. कचरा झालाच नाही तर वेगळा काय करणार?" विरोध करायला कुणाला काही सुचलं नाही, आणि ठराव पास झाला.

"आधी वेगळं करा, मग बोला" हे त्यांचं आवडतं वाक्य. ते फक्त पिंपांपाशीच म्हणतात असं समजू नका. एकदा बैठकीत माझं आणि अध्यक्षांचं चांगलंच जुंपलं. काका शांतपणे म्हणाले, "सेक्रेटरीबाई, रागाचं ते ओलं. ते बाजूला काढा, नाहीतर उद्यापर्यंत वास मारेल. सुकं तेवढं इतिवृत्तात घाला." इतका संताप आला मला! पण इतिवृत्त लिहायला बसले तेव्हा सुकं दोनच ओळींचं निघालं.

एका वर्षी तपासणीला साहेब आले. पिंपं बघितली, फोटो काढले, आणि प्रसादाची वाटी अर्धी खाऊन उरलेलं हिरव्या पिंपात टाकायला गेले. काका आडवे आले.

"साहब, पहले ये खतम कीजिए."

"बाबूजी, मैं चेकिंग पे आया हूँ."

"बिल्कुल. चेकिंग बाद में, हलवा पहले."

मी मनात म्हटलं, गेली आपली पुढच्या वर्षीची परवानगी! साहेबांनी काकांकडे पाहिलं, मग वाटीकडे, आणि उभ्या उभ्या शिरा संपवला. वर वाटी विसळूनही ठेवली.

आता खरा ताप ऐका. लोक घरून ताटं आणतात आणि विसरून जातात. दरवर्षी वीस-पंचवीस तरी उरतातच. मी म्हटलं, फोटो काढून ग्रुपवर टाकू, ज्याचं त्यानं घेऊन जावं. काकांना ते मुळीच पटलं नाही. "विसरलेलं पोचतं करणं ही आयोजकांची जबाबदारी आहे," म्हणाले. ताटांवर नावं घातलेली असतातच. मग दर रविवारी कापडी पिशवीत एक ताट घालून काका मेट्रोनं निघतात. कधी द्वारका, कधी रोहिणी, कधी गुरगाव. होळी येते तरी ताटं संपत नाहीत.

"काका, एका दिवसात चार घरं सहज होतील," मी एकदा म्हटलं.

"एका रविवारी एकच. नियम आहे."

"कुठला नियम?"

"माझा."



तरी एकदा फजिती झालीच. एका ताटावर 'बापट' असं नाव होतं. मंडळात बापट कुणी नाही. काकांनी आठवडाभर फोन फिरवले आणि पानिपतला चादरींच्या कारखान्यात नोकरी केलेले एक बापट शोधून काढले. मी म्हटलं, काका, पानिपतावर निघालाच आहात तर निदान जपून जा. तर ते गेले. बापट आजोबांनी ताट उलटंसुलटं केलं आणि हसत सुटले. ते ताट त्यांनी भाचीच्या लग्नात दिलं होतं! अहो, आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. काकांच्या काही ते ध्यानात आलं नव्हतं. भाची सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये निघाली. पुढच्या रविवारी ते ताट, वर मामानं दिलेली चादर, असं सगळं काकांनी तिला पोचवलं. आम्ही महिनाभर हसत होतो.

यंदा मात्र समिती वैतागली. "यार, पुरे झालं आता," अध्यक्ष म्हणाले. एक केटरर सापडला होता. उसाच्या चोथ्याच्या पत्रावळी तोच आणणार, कचरा तोच वेगळा करून नेणार, सगळं नियमात बसवून. काका तापानं घरी पडलेले, त्यामुळे विरोध झाला नाही. खरं सांगते, मीही हात वर केला. निदान या वर्षी तरी सुटेन, एवढाच विचार होता. काकांना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

गेल्या रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला दारात बघून काकांना काय करू नि काय नको झालं. ताप नुकताच उतरला होता, तरी नको नको म्हणताना पोहे केले. बशी हातात आली तशी मी सवयीनं खाली वाकून नाव बघितलं. काही नव्हतं.

"सापडायचं नाही," काका हसले. "भांड्यावर नाव यायला लग्न लागतं, मुंज लागते. माझ्या घरी यातलं काहीच झालं नाही. ही सगळी बाजारातून मीच घेतलेली."

विषय बदलायचा म्हणून विचारलं, "काका, खरं सांगा. या वयात एकेक ताट घेऊन कशाला हिंडता?"

त्यांनी माझ्या बशीत आणखी खोबरं घातलं. "अगं, मोकळ्या हातानं कुणाकडे जायचं म्हणजे अवघड असतं. आधी फोन करावा लागतो. आज मुलाची परीक्षा, उद्या पाहुणे. चूक नाही त्यांची. पण हातात त्यांचं ताट असलं ना, की बेल वाजवता येते. मग 'या, बसा' म्हणतातच लोक. बहुतेक जण म्हणतात."

दोन वर्षांपूर्वी माझंही ताट घेऊन आले होते ते. ऑफिसचा कॉल चालू होता. मी दारातच ताट घेतलं, थँक्यू म्हटलं आणि दार लावलं. पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"बरं, बैठकीत काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"ठरलं ना. ताटं घरूनच आणायची."

"बघ! दुसरं काही नियमात बसतच नाही," म्हणत काका खुशीत चहा टाकायला आत गेले.

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. "सांगितलंस का? काय म्हणाले?"

"केटररला नाही म्हणून कळवा."

"अगं, काय डोकं फिरलंय का तुझं? लोकांना कारण काय सांगू?"

"सेक्रेटरी अडून बसलीय म्हणून सांगा. बाकीचं संध्याकाळी भांडू."

"संध्याकाळी कशाला? आत्ता ये इकडे."

"आत्ता नाही जमणार," मी म्हटलं, "मी काकांकडे आलेय."

फोन बंद करून पर्समध्ये टाकला. आतून काकांनी आलं घालू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, भरपूर घाला, मला कुठे जायचं नाहीये.