गळतीचा पुरावा

विनापरवाना कंत्राटदार शोध कक्षाचे तपास अधिकारी वादिराज यांच्या मल्लेश्वरममधल्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याच्या बरोबर वर, गेली चार वर्षे छत गळत होते. वरच्या मजल्यावर न्हाणीघर होते. तिथे कुणी अंगावर तांब्याभर पाणी घेतले, की खाली आमटीत चार थेंब पडत. वादिराजांच्या पत्नीने, कावेरीने, ओट्यावर एक पितळी पातेले कायमचे ठेवून दिले होते आणि त्याच्या आजूबाजूने स्वयंपाक करायची सवय लावून घेतली होती.

दुरुस्ती झालीच नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. ती तीनदा झाली. प्राणेश हे परवानाधारक कंत्राटदार; परवान्याचा क्रमांक त्यांच्या व्हॅनच्या दोन्ही बाजूंना लाल रंगात लिहिलेला. दर दुरुस्तीनंतर गळती दीडेक फूट पूर्वेकडे सरकत असे. या गतीने आणखी सहा-सात वर्षांत ती शेजाऱ्यांकडे गेली असती आणि वादिराज त्या दिवसाची शांतपणे वाट पाहत होते. भागात दुसरा परवानाधारक नव्हता आणि बाकी कुणाला बोलावणे त्यांना शक्य नव्हते. परवाना नसलेल्या माणसाला पकडणे, हीच तर त्यांची नोकरी होती.

त्या दिवशी एकतीस मार्च होता. प्रत्येक अधिकाऱ्याने वर्षाला बारा विनापरवाना कंत्राटदार पकडावेत, असे कक्षाचे लक्ष्य होते आणि वादिराजांचे अकरा झाले होते. बारावा संध्याकाळी पाचच्या आत सापडला नाही, तर त्यांची बदली बोम्मसंद्र्याच्या गोदामात होणार होती. जप्त केलेल्या थाप्या, ओळंबे आणि पाने तिथे ठेवलेली असत आणि ती गंजत आहेत याची रोज खात्री करावी लागे. मल्लेश्वरमहून बोम्मसंद्र्याला रोज जाऊन-येऊन करणारा माणूस घरच्यांना फक्त रविवारी दिसतो. मुले पाहुणा समजून त्याला नमस्कार करतात, असेही वादिराज ऐकून होते. ते मनापासून घाबरले होते.

कक्षाची पकडायची रीत सोपी होती. अधिकारी घरमालकाचे सोंग घेई, संशयिताला दुरुस्तीला बोलावी आणि काम संपताच ओळखपत्र दाखवी. यासाठी बेळ्ळंदूरला कक्षाचे एक सापळा-घर होते. पण तिथले नळ खरोखरच फुटले. दुरुस्तीच्या निविदेला एकाही परवानाधारकाने उत्तर दिले नाही, आणि गुडघाभर पाण्यात उभा असलेला घरमालक संशयितांना खरा वाटेना, म्हणून ते बंद करावे लागले.

"मग आपल्याच घरी बोलवा की कुणाला तरी," सकाळी कॉफी देताना कावेरी म्हणाली. "माझ्याकडं नंबर आहे."

तिने फोन पुढे केला. नाव होते : मल्लाप्पा लीकेज.

"हा कुठून आला?"

"गल्लीत सगळ्यांकडं आहे. कुणाचं घर गळतंय का सांगा आता? तुमच्या नोकरीपायी मी एकटी पातेलं धरून बसलेय."

मल्लाप्पा नऊला स्कूटरवरून आला. पन्नाशीचा, निपाणीकडचा, खांद्यावर गोणपाटाची पिशवी. त्यातून त्याने मुठीवर झिजलेली एक थापी काढली, तिच्या पाठीने न्हाणीघराची एकेक फरशी वाजवली आणि भिंतीला कान लावून बसला. दहा मिनिटांनी म्हणाला, "अण्णा, पाणी इथनं न्हाईच. जाळीखालचा पाइप सरकलाय. अन् त्या भोकात कुणी तरी सिमेंटची रिकामी पिशवी कोंबल्या."

पिशवी निघाली. ती प्राणेश यांच्या दुसऱ्या दुरुस्तीची होती.

वादिराज हे सारे समाधानाने पाहत होते. परिपत्रकानुसार नुसते बघून जाणे हा गुन्हा नव्हे, अर्धवट काम हाही नव्हे. काम पूर्ण झाले, की गुन्हा पूर्ण होतो. म्हणून काम नीट पूर्ण व्हावे याची त्यांनी जातीने काळजी घेतली, मधे चहा दिला, एकदा बादलीही उचलून दिली. दुपारी दोन वाजता मल्लाप्पाने अर्धा तास नळ सोडून ठेवला. खाली एक थेंब पडला नाही. कावेरीने चार वर्षांनी ओट्यावरचे पातेले उचलले आणि तिचे डोळे भरून आले. वादिराजांनाही भरून आले. मग त्यांनी ओळखपत्र दाखवले.

मल्लाप्पाने ते दोन्ही बाजूंनी पाहिले.

"परवाना काढायला गेलतो की मी," तो म्हणाला. "पाच वर्सं काम केल्याचा दाखला आणा म्हटले. दाखला न्हेला, तर म्हटले, परवाना नसताना पाच वर्सं काम केलंस होय? तितनं पळालो."

"नियम आहे," वादिराज म्हणाले.

"असंल की. हत्यारं घ्या. तेवढी थापी राहू दे, अण्णा. बापाची हाय."

वादिराजांनी यादीत लिहिले : थापी, एक, जुनी. लिहिताना त्यांना स्वतःची लाज वाटली. पण यादीत त्यासाठी रकाना नव्हता.

मल्लाप्पाला जिन्यावर बसवून त्यांनी वरिष्ठ भीमाचार्य साहेबांना फोन लावला. साहेब शुद्ध सरकारी कानडी बोलत. इथे ते सोयीसाठी मराठीत दिले आहे, अर्थ लागला नाही तर दोष भाषांतराचा नव्हे.

"मूळ स्थितीचं छायाचित्र?" साहेबांनी विचारले.

गळती इतकी रोजची झाली होती, की तिचा फोटो काढायचे वादिराजांना सुचलेच नव्हते.

"साहेब, चार वर्षं गळत होतं."

"आत्ता गळतंय का?"

"नाही."

"मग त्या इसमानं काम काय केलं?"

"गळती थांबवली."

"जी नाही ती?" साहेब शांतपणे म्हणाले. "गळती नाही म्हणजे काम नाही. काम नाही म्हणजे गुन्हा नाही. तुमचे अकराच होतात, वादिराज. गळती पूर्ववत करून फोटो पाठवा. आणि हो, शासकीय पुरावा आहे, परवानाधारकाकडूनच करून घ्या."

प्राणेश पंधरा मिनिटांत हजर झाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना गळती करण्यासाठी बोलावले होते आणि ते उत्साहात होते. त्यांनी दोन फरशा उखडल्या, पाइपवर हातोडा मारला, तीन वेळा पाणी सोडले. खाली ओटा कोरडाच. चार वर्षे जे त्यांना सहज जमत होते, ते आज जमेना. साडेचार वाजता त्यांनी घाम पुसला.

"हे काम फार पक्कं आहे, सर. नियमात बसत नाही."

वादिराज जिन्यावर गेले. मल्लाप्पा भिंतीला टेकून बसला होता. कावेरीने वाढलेला चित्रान्न-भात त्याच्या ताटात तसाच होता.

"मल्लाप्पा, स्वल्प मदत पाहिजे होती."

"बोला की."

"ते... पुन्हा गळायला पाहिजे. पाचच्या आत. नाहीतर माझी बोम्मसंद्र्याला बदली होते."

"मोडायचं नाही!" आतून कावेरी ओरडली. "मल्लाप्पाअण्णा, यांचं काही ऐकू नका. जाऊ देत बोम्मसंद्र्याला, मी डबा देते."

मल्लाप्पाने ताट बाजूला सारले.

"मी केलेलं काम कदी मोडलं न्हाई, अण्णा," तो म्हणाला. "पर पोटाची भीती मला ठावं हाय."

त्याने जप्त मालातून थापी मागून घेतली, वर गेला आणि पाइपच्या एका सांध्यावर हलकेच एक ठोका दिला. चार वाजून बावन्न मिनिटांनी ओट्यावर पहिला थेंब पडला. वादिराजांनी फोटो काढला. कावेरीने पातेले परत जागेवर ठेवले. मल्लाप्पाने थापी पुसली आणि आपल्याच हाताने जप्तीच्या पिशवीत टाकली.

भीमाचार्य साहेबांनी बारावा गुन्हा मंजूर केला. गळती पुन्हा करणे हेही विनापरवाना कामच असल्याने तो तेरावा धरला गेला आणि पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा झाला. वादिराजांची पाठ थोपटली गेली.

सहा वाजता साहेबांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज खालचा होता.

"वादिराज, तो माणूस खरंच बरा आहे का हो? आमच्या देवघरावर दोन वर्षं ओल आहे."

"पण साहेब, हत्यारं जप्त आहेत."

"रविवारपुरती सोडा. पोचपावतीवर."

तेव्हापासून दर रविवारी मल्लाप्पाची पिशवी बोम्मसंद्र्याहून सही करून बाहेर पडते आणि संध्याकाळी पुन्हा जमा होते. तो कक्षातल्या एकेका अधिकाऱ्याचे घर कोरडे करत चालला आहे. हा अनुभव परवान्यासाठी धरला जात नाही, कारण तो जप्त हत्यारांनी घेतलेला आहे. घरांचा क्रम ज्येष्ठतेनुसार लागतो. वादिराज तेविसावे आहेत. कावेरी अजून पातेल्याच्या आजूबाजूनेच स्वयंपाक करते आणि नवऱ्याशी कामापुरतेच बोलते.

ही हकीकत जिथे जिथे सांगितली, तिथे ऐकणाऱ्यांनी मल्लाप्पाबद्दल हळहळ व्यक्त केली आणि मग, जरा थांबून, त्याचा नंबर मागितला. आपल्याही मनात तेच आले असेल, तर कृपया नाव, पत्ता आणि गळतीचे ठिकाण सुवाच्य अक्षरांत कळवावे. यादी वादिराजच ठेवतात. पुढच्या वर्षीही त्यांना बारा पाहिजेत, आणि काम देणाराही गुन्ह्यात मोजावा, असे परिपत्रक गेल्याच आठवड्यात आले आहे.