नाकारलेल्या चिठ्ठ्यांचा डबा

डबा हरवल्याचं कळलं तो मंगळवार होता, आणि शुक्रवारी तोच डबा संचालकांसमोर उघडायचा होता.

डबा सेनबेईचा, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा. पण आत सेनबेई नव्हत्या, चारशे बारा चिठ्ठ्या होत्या. जपानमधल्या त्सुबामे गावातल्या या किटल्यांच्या कारखान्यात प्रत्येकाने महिन्याला एक तरी सूचना लिहून पेटीत टाकायची, असा नियम होता. चांगली सूचना अमलात यायची. बाकीच्यांवर सूचना तपासणारे इसोगाई 'नामंजूर'चा शिक्का मारायचे आणि तीन महिन्यांनी त्यांचा यंत्रात भुगा व्हायचा. भुग्याचं काम इसोगाईंच्या बायकोकडे, किनुएकडे होतं. सव्वीस वर्षं ती भुगा करण्याआधी प्रत्येक चिठ्ठी वाचत होती, आणि जी वाचून हसू येईल ती डब्यात ठेवत होती. दुसऱ्या दिवशी ती लिहिणाऱ्याच्या यंत्रापाशी जाऊन विचारायची, "हे सुचलं कसं रे तुला?" तो माणूस लाजायचा आणि पुढच्या महिन्यात आणखी वेडं काहीतरी लिहायचा.

फेब्रुवारीत किनुए गेली. डबा इसोगाईंच्या कपाटावर आला.

जुलैत संचालक कुरोइवांनी बैठक घेतली. किटल्या खपत नव्हत्या. "कोणाकडे काही वेगळं आहे का? येडचाप असलं तरी चालेल," ते म्हणाले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तीस वर्षं बैठकीत तोंड न उघडलेले इसोगाई उठून म्हणाले, "आहे. चारशे बारा."

आणि आता कपाटावर नुसती धुळीची चौकट होती.

"तोकिताबाई, इथला डबा?"

"दिला की," कार्यालयातल्या तोकिताबाई मान वर न करता म्हणाल्या. "पत्रेवाल्या उकितांना, ओचुगेनची उन्हाळी भेट म्हणून. जुलैत भेट नाही दिली तर वर्षभर वाकडा पत्रा पाठवतात ते."

"अहो, त्यात किनुएच्या चिठ्ठ्या होत्या!"

तोकिताबाईंच्या हातातला पेन पडला. फायलींमागे पाहिलं, तर भेटीसाठी आणलेला खरा डबा तिथे शांत बसलेला. दुकान एकच, डबा एकच. आणि किनुए वस्तू अशा जपायची की जुना डबाही कालच आणल्यासारखा दिसायचा.

"तरी उघडून बघायचा एकदा!"

"दुसऱ्याला द्यायची भेट उघडून कोण बघतं, इसोगाई-सान?"

हे खरं होतं. आणि घेणाराही देणाऱ्यासमोर उघडत नाही. तेवढीच एक आशा होती. इसोगाईंनी खरा डबा बगलेत मारला आणि उकितांचं दुकान गाठलं. दिलेली भेट परत मागण्याइतका निर्लज्ज माणूस त्सुबामेत अजून जन्मला नव्हता, म्हणून त्यांनी वाटेत एक थाप तयार केली.

"गेल्या आठवड्यातल्या सेनबेई मऊ पडलेल्या निघाल्या म्हणे. बदलून द्यायला आलो."

"मऊ?" उकितांनी दोन्ही हात हलवले. "अहो, काय कुरकुरीत होत्या! पोरांनी बोटं चाटून खाल्ल्या. एक उरली नाही!"

इसोगाई त्यांच्याकडे बघत राहिले. चारशे बारा चिठ्ठ्या, कुरकुरीत. ते काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. तीन मिनिटांत उकितांच्या कपाळावर घाम आला.

"बरं, ऐका. मला दात आहेत कुठे सेनबेई खायला? दिला पुढे."

"कोणाला?"

"तुमच्याच कुरोइवासाहेबांच्या घरी."

नवा डबा उकितांकडेच राहिला. बदलून द्यायला आलो म्हटल्यावर परत कसा नेणार? बुधवारी इसोगाईंनी आणखी एक विकत घेतला आणि संचालक कारखान्यात असताना त्यांच्या घराची घंटा वाजवली.

"मऊ? छे!" संचालकांची बायको म्हणाली. "यांनी तर एकट्याने अर्धा डबा संपवला. चव अजून जिभेवर आहे म्हणतात."

इसोगाई पुन्हा गप्प बसले. आता त्यांना हे जमू लागलं होतं.

"यांना सांगू नका हं," ती हळूच म्हणाली. "जुलैत घरात एकवीस डबे येतात. आम्ही माणसं दोन. तो मी हान्झावाआजींना दिला. फुलांची मांडणी शिकवतात ना, त्या."

तिसरा डबा घेऊन गुरुवारी इसोगाई हान्झावाआजींच्या दारात उभे राहिले. आजी चौऱ्याऐंशीच्या. त्यांनी डब्याकडे संशयाने पाहिलं.

"यात सेनबेईच आहेत ना? मागच्यात कागद निघाले."

"तुम्ही... उघडलात?"

"मग काय करू? पुढे द्यायला माझ्याकडे कोणी उरलं नाही. या, बसा."

आत चटईवर चिठ्ठ्यांचे तीन ढीग होते. "हे लगेच करण्यासारखं, हे विचार करण्यासारखं," आजी बोट दाखवत म्हणाल्या, "आणि हा माणूस नक्की पिऊन लिहितो. मांजर जवळ आलं की शिट्टी मारणारी किटली! चार दिवस टीव्ही लावला नाही मी."

इसोगाईंनी कपाळ चटईला टेकवून माफी मागितली.

"माफी नंतर मागा. आधी सांगा, हा शिक्का मारणारा गाढव कोण?"

त्यांनी चष्म्याखाली ठेवलेली एक चिठ्ठी पुढे केली. 'एका कपाची किटली. एकट्या माणसासाठी.' खाली कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'एकटा माणूस किटली घेईल कशाला?' अक्षर इसोगाईंचं. वरचं अक्षर किनुएचं. दिवसाला तीस शिक्के मारताना ते नावं बघत नसत. आणि तिने घरी कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं.

"मीच तो गाढव," इसोगाई म्हणाले.

आजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "एकटे आहात?"

"फेब्रुवारीपासून."

"सकाळी पाणी किती तापवता?"

"दोन कप. सवय आहे."

"आणि उरलेलं?"

"ओतून देतो."

"मीही," आजी म्हणाल्या. "बारा वर्षं झाली."

मग त्यांनी चारशे अकरा चिठ्ठ्या डब्यात भरून दिल्या. एक स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यात खोचली. "ही मिळणार नाही. किटली आणा, मग देईन."

शुक्रवारी संचालकांनी जेवणाची सुट्टी होईपर्यंत चिठ्ठ्या वाचल्या. दोनदा हसताना त्यांना ठसका लागला. तोकिताबाईंना बोलवून त्यांनी सांगितलं, की भुग्याचं यंत्र आजपासून बंद. मग ते म्हणाले, "काय बाई होती हो किनुए! आम्ही सगळे साहेब झालो आणि कारखाना जपला तिने." इसोगाईंना खाली बघावं लागलं.

"पण इथे एक कमी आहे. चारशे बारा म्हणाला होतात."

"ती गिऱ्हाइकाकडे आहे, साहेब."

"कल्पना अजून टेबलावर नाही आणि गिऱ्हाईक तयार? कोण आहे?"

"ते सांगता येणार नाही," इसोगाई म्हणाले. आजींचं नाव घेतलं तर डबा साहेबांच्याच घरून गेल्याचं फुटलं असतं, आणि त्यांच्या बायकोला न सांगण्याचा शब्द दिला होता.

पेटीबरोबर किनुएचं कामही आता इसोगाईंकडे आहे. शिक्का त्यांनी खणात टाकला. नामंजूर चिठ्ठीवाल्याला दुसऱ्या दिवशी ते यंत्रापाशी गाठतात आणि "हे सुचलं कसं तुम्हाला?" असं विचारतात. अजून जरा दरडावल्यासारखंच विचारतात, पण विचारतात. एका कपाच्या किटलीचा नमुना तीनदा झाला, आणि तिन्ही वेळा त्यांनी स्वतःच तो नामंजूर केला. शेवटचा घोट तोटीतून बाहेर येत नाही. ते अजून जमलेलं नाही.