मागचं चाक कोरडं

आमच्या कॉलनीत नळाला पाणी चार दिवसांआड येतं, आणि त्याच कॉलनीत, माझ्या फाटकापासून बावीस पावलांवर, चौदा फुटी मोटरबोट उभी आहे. नवीन पाहुणे आले की आधी बोटीकडे बघतात, मग आमच्या दारातल्या पाण्याच्या बॅरलकडे बघतात आणि चपला काढतात. मी आपण होऊन सांगतो, बोट आमच्या शरणप्पा अण्णांची. सांगताना माझा आवाज चढतो असं माझी बायको म्हणते. चढत असेल. सोलापुरात बोट असलेल्या दुसऱ्या किती गल्ल्या आहेत ते मला माहीत नाही, पण मला तरी आजवर एकही सापडलेली नाही.

खरी गंमत पुढे आहे. अण्णांना बोटीत बसायची हौस नाही. त्यांना बोट पाण्यात सोडायची हौस आहे.

"बसायला काय लागतंय? बूड असलं की झालं," ते म्हणतात. "सोडायला अक्कल लागती."

मी टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. अठ्ठावीस वर्षं डझन मोजतोय, त्यामुळे काहीही मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. अण्णांच्या जीपमधून पहिल्यांदा नदीवर गेलो तेव्हा घड्याळ लावून बसलो होतो. जायला एक तास दहा मिनिटं. तिथे थांबायला पस्तीस मिनिटं. बोट उतरवायला वीस. बाहेर काढायला पंचवीस. परत यायला पुन्हा तासभर. प्रत्यक्ष पाण्यात बोट फिरली ती नऊ मिनिटं. हे मी त्यांना दाखवलं तर म्हणाले, "नऊ लई झाली. पुढच्या टायमाला सात करू." तेव्हापासून माझं नाव मोजणीदार पडलं.

अण्णांची नोकरी श्रीपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या यार्डात झाली. उसाने भरलेला ट्रॅक्टर मागच्या दोन ट्रॉल्यांसकट अडकला की ड्रायव्हर खाली उतरायचा आणि अण्णा वर चढायचे. ट्रॉली उजवीकडे न्यायची असेल तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागतं. हे आपल्याला वाचून कळतं, त्यांच्या मनगटाला ते जन्मतः ठाऊक असावं. निवृत्त झाल्यावर मागे घ्यायला काही उरलं नाही म्हणून ते बेचैन झाले. त्याच सुमाराला दोन उन्हाळे लागोपाठ आटलेल्या एका तलावावरचा नौकाविहार बंद पडला आणि तिथली मोटरबोट विकायला निघाली. अण्णांनी ती घेतली, टेंपोच्या चाकांवर स्वतः वेल्डिंग करून तिच्यासाठी गाडा बनवला आणि तो जुन्या जीपला जोडला. बोटीचे सगळे कागद त्यांच्याकडे प्लास्टिकच्या फाइलमध्ये आहेत. मी एकेक तपासला आहे.

तेव्हापासून जगातली प्रत्येक उतरण त्यांना बोटीची वाटते. माझ्या मुलीच्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते आणि अण्णा कार्यालयाच्या दारातल्या चढावर वाकून सुतळी धरून बसले होते. नंतर आहेर देताना माझ्या कानात म्हणाले, "अकराला एक हाय. चपटी पडती. पण दारं रुंद हायत." अकराला एक म्हणजे अकरा फूट गेल्यावर एक फूट खाली. दवाखान्यात स्ट्रेचर नेतात तो उतार त्यांच्या मते सहाला एक, म्हणजे धोक्याचा. आठाला एक म्हणजे तूप.

असं तूप त्यांना मंद्रूपच्या पुढे भीमेवर सापडलं. नवा पूल झाला तसा जुना रस्ता तसाच राहिला. तो बाभळींमधून सरळ खाली येतो आणि बंधाऱ्याच्या फुगवट्यात शिरतो. डांबर अजून शाबूत आहे. बोट उतरवायला यापेक्षा चांगली जागा कोणी मुद्दामही बांधली नसती.

तिथे पोचलं की लगेच बोट सोडायची नाही. चाळीस किलोमीटर धावून गाड्याच्या चाकांच्या बेअरिंगा तापलेल्या असतात. तशाच गार पाण्यात घातल्या तर त्या पाणी ओढून घेतात आणि महिन्यात गंजतात. म्हणून हात लावून चाक गार लागेपर्यंत बाभळीखाली बसायचं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. ती पस्तीस मिनिटं या बेअरिंगांची. मला विचाराल तर सगळ्या सहलीतला तो उत्तम भाग.

आणि मग नीलाकाकू उठतात.

नीलाकाकू म्हणजे अण्णांच्या पत्नी. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे घाईत कानडी येते. त्या पदर खोचून पाण्याच्या काठाशी उभ्या राहतात, उजवा हात वर करतात आणि अण्णा जीप रिव्हर्सला टाकतात. "बर्री... बर्री... बर्री..." म्हणजे या, या, या. हात जरा डावीकडे कलला की जीप कलते. मग एकदम, "साकु री." पुरे. जीप तिथे थांबते, गाडा पाण्यात असतो, बोट हलकी होऊन डुलायला लागते, आणि जीपचं मागचं चाक पाण्यापासून बरोबर एक वीत लांब असतं. मी वीत लावून बघितली आहे.

अण्णा आरशात बघत नाहीत. जीपला आरसा आहे, त्यात ते भांग पाडतात. "आरशात नुस्तं मागचं दिसतंय," ते म्हणतात. "हिला पुढचं दिसतंय." इतक्या वर्षांत त्यांच्या जीपचं मागचं चाक एकदाही ओलं झालेलं नाही, आणि ही गोष्ट ते अनोळखी माणसालाही तिसऱ्या वाक्यात सांगतात.

बोट मात्र एकदा बुडाली. पहिल्याच दिवशी.

बोटीला मागे, तळाशी एक भोक असतं. उभी असताना पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. पाण्यात सोडण्याआधी त्यात पितळी बूच आवळून बसवायचं. उद्घाटनाच्या दिवशी काकूंनी किल्ली आणि बूच दोन्ही देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. निघताना किल्ली घेतली. बूच देवापाशी राहिलं. आम्ही कॉलनीतले एकवीस जण दोन टेंपोंतून गेलो होतो. नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, बोट झोकात पाण्यात गेली आणि सगळ्यांच्या देखत, कसलीही घाई न करता, खाली बसली. गुडघाभर पाणी होतं म्हणून निभावलं. अण्णा बुडालेल्या बोटीत उभे राहून म्हणाले, "चाक बघा. मागचं चाक कोरडं हाय का न्हाय?"

त्या दिवशी काकूंनी जाहीर केलं की यापुढे बूच त्यांच्याकडे राहील. ते पदराच्या गाठीत बांधलं गेलं, आणि "आधी बूच" हे दोन शब्द आमच्या कॉलनीत आले. लग्नाच्या याद्या असोत की गॅसचा नंबर, कुणी घाईने निघालं की अण्णा फाटकातून विचारतात, "आधी बूच?" मी डबा विसरलो की माझी बायकोही हेच विचारते.

उतारावर मात्र त्या दोन शब्दांना मान होता. अण्णा जीपमधून उतरून काकूंसमोर उभे राहायचे. "बूच?" काकू गाठ सोडायच्या, बूच द्यायच्या. ते बसवून अण्णा म्हणायचे, "बसलं." मगच काकू काठाशी जायच्या. त्यांनी बूच दिल्याशिवाय बोट हलत नसे.

गेल्या वर्षापासून नीलाकाकूंना आठवेनासं झालं. आधी नावं गेली, मग वार, मग नळाला पाणी आल्याचं. मला त्या एका सकाळी तीनदा म्हणाल्या, "नवीन आलात का गल्लीत?" मी तिन्ही वेळा हो म्हणालो.

त्यांचा मुलगा महेश बंगळुरात असतो. श्रावणात त्याचा मला फोन आला. "काका, बाबा ऐकत नाहीत. आईला काही आठवत नाही आणि बाबा अजून बूच तिच्याच पदरात ठेवतात. एखाद्या दिवशी दोघं मधोमध जातील आणि बोट भरेल. मी दिवाळीला येऊन ती विकणार आहे." मग म्हणाला, "तुम्ही आकड्यांतले. एकदा सोबत जा आणि मला जे खरं आहे ते सांगा. तुम्ही ठीक म्हणालात तर विकत नाही."

हे काम मला नको होतं. पण त्याची भीती खोटी नव्हती. शिवाय एक आकडा माझ्याही डोक्यात बसत नव्हता. अण्णा पूर्वी एका फेरीत बोट एकदाच सोडायचे. हल्ली तीनदा, चारदा सोडत होते. सोडायची, काढायची, पुन्हा सोडायची. हे म्हातारपणाचं लक्षण असेल तर तेही महेशला सांगणं भाग होतं.

रविवारी आम्ही तिघं निघालो. मी कशासाठी आलोय हे अण्णांना सांगून टाकलं. मला लपवता येत नाही. "बघा की," ते म्हणाले. "मोजा, ल्ह्या, पोरगं म्हणतंय तर." वाटेत काकूंनी त्यांना दोनदा विचारलं, "गाडी तुमचीच का?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "मालकाची हाय."

भाकरी झाली. चाकं गार झाली. अण्णा काकूंसमोर उभे राहिले.

"बूच?"

काकूंनी गाठ सोडली आणि त्यांच्या तळहातावर एक हळकुंड ठेवलं.

मी दोन हातांवर होतो. चांगलं बोटभर लांब, पिवळं हळकुंड. अण्णांनी ते उलटून बघितलं, मान हलवली आणि बोटीच्या मागे गेले. मी त्यांच्या मागोमाग गेलो. ते वाकून, रिकामा हात गोल फिरवत, काहीतरी आवळत होते.

"अण्णा, ते—"

"हात लावून बघा."

मी हात घातला. बूच जागेवर होतं. पितळी, ग्रीस लावलेलं, पान्यानं आवळलेलं.

"पहाटे घरीच लावतो," ते हळू आवाजात म्हणाले. "दोन डाव बघतो. पोराला काय वाटलं, मी हिला बुडवीन?" हळकुंड त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलं आणि मोठ्यानं म्हणाले, "बसलं."

काकूंनी पदर खोचला. काठाशी गेल्या. हात वर झाला.

मी वही काढून उभा होतो, पण लिहायचं राहून गेलं. ज्या बाईला सकाळी स्वतःचं फाटक सापडलं नव्हतं, ती त्या उतारावर अशी उभी होती की जणू जीप, गाडा, बोट आणि तिचा नवरा सगळे तिच्या बोटाच्या टोकाला बांधले आहेत. "बर्री... बर्री..." हात कलला, जीप कलली. "साकु री." मी जाऊन वीत लावली. एक वीत. दोन बोटंही इकडे तिकडे नाही.

आम्ही नऊ मिनिटं फिरलो. काकू पुढे बसल्या होत्या, ताठ. बोट काढली. अण्णांनी पुन्हा जीप वर नेली आणि पुन्हा रिव्हर्स टाकला. मग तिसऱ्यांदा. पलीकडे जाळं झाडणाऱ्या कोळ्यानं हाक दिली, "अण्णा, बोट चालवायची हाय का नुस्ती आंगूळ घालायची?"

"तुजी म्हस तू धू, माजी मी धुतो," अण्णा म्हणाले.

चौथ्या खेपेआधी मी जीपच्या खिडकीशी गेलो. म्हटलं, अण्णा, हा हिशोब मला लागत नाही. एकदा पुरे नाही का?

ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. समोर बघत म्हणाले, "घरात मला ती कवा वळखती, कवा न्हाय. आता लई करून न्हायच. हितं मी रिव्हर्स टाकला की वळखती."

एवढं बोलून त्यांनी गियर टाकला. मागून आवाज आला, "बर्री..."

त्या दिवशी पाच खेपा झाल्या. पाचही मी लिहिल्या.

संध्याकाळी महेशचा फोन आला. मी त्याला जे खरं होतं तेच सांगितलं. आईनं जे दिलं ते बाबांनी घेतलं. बूच जागेवर होतं, मी स्वतः हात लावून बघितलं. बोटीत थेंबभर पाणी आलं नाही. बोट पाच वेळा सोडली, पाचही वेळा आईनं जीप थांबवली, पाचही वेळा मागचं चाक कोरडं.

"पाच वेळा कशाला?" त्यानं विचारलं.

"ते तू दिवाळीत ये आणि उतारावर उभा राहून बघ," मी म्हणालो. "विकायचं मग ठरव."

तो म्हणाला, "म्हणजे ठीक आहे?"

"ठीक आहे."

फोन ठेवून मी फाटकाशी आलो. बावीस पावलांवर अण्णा गाड्याची चाकं पुसत होते आणि काकू पायरीवर बसल्या होत्या. अण्णांनी हात पुसले, खिशातलं हळकुंड काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "हे घ्या. बूच. जपून ठेवा."

काकूंनी ते पदरात बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली. मग वर बघून विचारलं, "तुम्ही कोण?"

"डायवर."

"चांगली चालवता हो गाडी," काकू म्हणाल्या. "रविवारी टायमावर या."

"येतो की," अण्णा म्हणाले, आणि उरलेलं चाक पुसायला बसले.