वीतभर सुरी आणि पावणेदोन हात बिरुदे

श्रीवनदुर्गा प्रसन्न. जिच्या कृपेने भर श्रावणात ओले लाकूड पेटते त्या देवीचे स्मरण करून, आणि ज्याचे अन्न खातो त्या राजाचे भय धरून, दफ्तरातील एका कारकुनाने पाहिले ते व ऐकिले ते लिहिले ऐसे. शके सोळाशे नव्व्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सर, चैत्र मासी एका राज्यी वर्तमान जाहले. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. त्या राज्याचे घाटमाथ्यावर एक चौकी होती, आणि चौकीवर सटवोजी नाईक व त्याचे अकरा शिपाई असत, आणि पावसाळा लागला म्हणजे वाट वाहून जाई, मग चार मास खालचे धान्य वर नाही व वरचा माणूस खाली नाही. गतवर्षी त्यांस सरकारातून मिटते चाकू दिले होते. चाकू बहुत देखणे, हस्तिदंती मुठीचे, कमरेस खोविले म्हणजे शिपाई सरदारासारखा दिसे. परंतु आषाढात बिजागरीस गंज चढला, आणि कोणाचा चाकू उघडेना, आणि कोणाचा उघडला तो ऐन कामात बोटांवर मिटला, आणि ओली लाकडे फोडवेनात, मग चूल विझली ती विझलीच, आणि चार माणसे गारठून मेली. त्यांची नावे दफ्तरी आम्हीच लिहिली. लिहिताना फार वाईट वाटले.

मग त्यांचे जागी चार नवे शिपाई नेमिले, आणि सटवोजी नाईक दरबारी येऊन मुजरा करून बोलिला, "महाराज, औंदा सुरी द्यावी. मिटायची नगं. पातं येक वीत, पाठ जाड, आन पोलाद मुठीच्या पार शेवटापत्तुर गेल्यालं. गंज चढंल तर आमी त्याल लावू. सोनं-रुपं काय नगं, सस्ती आसली म्हंजी बारा मानसांला बारा व्हतील." महाराज दयाळू, त्यांनी तत्काळ आज्ञा केली जे, उत्तम सुरी निवडावी. तेव्हा पेठेतील लोहारांनी सुऱ्या आणिल्या आणि दरबारी परीक्षा आरंभिली. आमचे दरबारी सुरीची परीक्षा म्हणजे डाव्या हाताचे केस भादरणे. सुरीने केस गेले तर सुरी थोर, न गेले तर लोहार चोर. ऐसे एकवीस दिवस चालिले, आणि सर्व मुत्सद्द्यांचे डावे हात तुळतुळीत जाहले, आणि ज्याचा हात तुळतुळीत तो जाणता ऐसी मान्यता पडली, मग ज्यांनी सुरीस स्पर्शही केला नव्हता त्यांनी घरी न्हावी बोलावून हात करून घेतला. लिहिणाराही त्यांतलाच, खोटे कशास बोलावे? लाकूड मात्र कोणी फोडून पाहिले नाही, कारण लाकूड फोडणे हे चाकराचे काम.

अखेर ईश्वरकृपेने म्हणा की केस संपल्यामुळे म्हणा, पेठेतील एका लोहाराची साधी वीतभर सुरी सर्वांस पसंत पडली. किंमतही बेताची. सटवोजीच्या तोंडावर हसू आले. तितक्यात विसापंत सबनीस उभे राहिले आणि बोलिले जे, "सरकारी शस्त्रावर महाराजांची बिरुदावळी संपूर्ण कोरावी हा वडिलोपार्जित रिवाज आहे. या पात्यावर 'श्रीमन्महा' इतकेच मावते. पुढील महाराजांनी कोठे जावे?" कोणी सुचविले, अक्षर बारीक काढावे. पंत म्हणाले, अक्षर लहान तो राजा लहान. मग त्यावर कोण बोलणार? बिरुदावळी दोऱ्याने मोजिली ती पावणेदोन हात भरली, म्हणोन पातेही पावणेदोन हात ठरले. पोलाद मंजूर होते तितकेच, यास्तव पाते मुठीपासून वीतभर लांबीपर्यंत जाड राहिले आणि पुढे पिंपळपानासारखे पातळ जाहले. पोलाद मुठीत शेवटपर्यंत न्यावे ही सटवोजीची विनंती तेवढी जशीच्या तशी राहिली, कारण मुठीच्या आतले कोणास दिसत नव्हते आणि जे दिसत नाही त्याविषयी दरबारास मत नसते.

ज्येष्ठात बारा जण बारा लांब सुऱ्या घेऊन वर गेले, आणि श्रावणात दरड कोसळून चौकीचे छप्पर व धान्य दोन्ही गेले, मग ते एका कपारीखाली बसले. पाऊस ऐसा की समोरचा माणूस दिसेना. कोणी कारवी तोडू गेला तो पाते झुडपात अडकले, कोणी ओंडक्यावर घाव घातला तो पाते वाकून परत आले. तिसऱ्या दिवशी दोन शिपायांचे ओठ निळे पडले. तेव्हा सटवोजीने आपली सुरी खडकाच्या फटीत घालून वीतभर सोडून जोर लाविला. बाजी नावाचा शिपाई घाबरून म्हणाला, "नाईक, राजाचं नाव हाय त्याच्यावर."

सटवोजी म्हणाला, "नाव भिजलं म्हनून गारठत न्हाई. आपन गारठतो." आणि पाते मोडिले. मग मुठीकडचा तुकडा लाकडावर धरून पाठीवर सोट्याने ठोकला, ओंडका दुभंगला, आत कोरडा गाभा निघाला. गाभ्याचे कागदासारखे पातळ छिलके काढिले, सुरीच्या पाठीवर गारगोटी घासून ठिणगी पाडिली, आणि जाळ जाहला. मग त्याच तुकड्याने कारवी तोडून आडोसा केला, कंदमुळे उकरिली आणि पाऊस उघडेतो नऊ दिवस काढिले. बाराही वाचले.

दसऱ्यास शस्त्रे परत घेऊन त्यांवरील बिरुदे मोठ्याने वाचण्याचा रिवाज. अकरा सुऱ्या वाचिल्या, बारावी 'श्रीमन्महा' म्हणोन थांबली. विसापंतांनी कायदा काढिला जे, राजनाम जो तोडील त्याचा हात तोडावा. महाराजांनी विचारिले, "नाईक, काय म्हणणे आहे?"

सटवोजी म्हणाला, "हात घ्यावा, महाराज. पन आज नगं. मानसं बारा हायेत आन सुरी येकच मोडलीया. ऱ्हायलेल्या अकरा मोडून देतो, मंग घ्या. येका हातानं त्या मोडत न्हाईत."

महाराज आसनावरून उतरले, एक सुरी मागविली, पायरीच्या चिरेत घातली आणि जोर लाविला. प्रथम पाते वाकले. मग पाय देऊन दाबिले तो मोडले, आणि बिरुदांचा तुकडा उडून विसापंतांची पगडी घेऊन गेला. महाराजांनी हातातील वीतभर सुरी पाहिली आणि विचारिले, "पंत, राजानेच राजाचे नाव मोडिले तर हात कोणाचा तोडावा?" पंतांनी उघड्या डोक्याने तीन पोथ्या चाळिल्या. कोठे लिहिलेले नव्हते. मग महाराजांनी बाकीच्या दहाही स्वहस्ते मोडिल्या आणि बारा तुकडे सटवोजीचे पदरात घातिले. सटवोजी रडला. आम्हीही रडलो, पण बेताने, पंत पाहात होते.

तात्पर्य, तेव्हापासून त्या राज्यी दरसाल ज्येष्ठात पावणेदोन हात सुरी घडवितात, तिजवर बिरुदे कोरितात, महाराज वाजतगाजत ती मोडितात, बिरुदे जामदारखान्यात जातात आणि सुरी डोंगरावर जाते. प्रथमच वीतभर का घडवीत नाहीत, ऐसे एका परदेशी वकिलाने विचारिले, त्यास रिवाज म्हणोन सांगितले. या पराक्रमास्तव महाराजांस 'खड्गभंजन' हे नवे बिरुद अर्पण जाहले, यास्तव पाते आता चार बोटे अधिक लांब करावे लागते. लोहाराची तक्रार नाही. औंदा डोंगरावर बारा गेले, बारा आले.