सत्काराची दोन मिनिटं

"दोनच मिनिटं," असं म्हणत मनोहरकाकांनी पिशवीतून शाल काढली.

विनीताने घड्याळ पाहिलं. सहा एकोणचाळीस. सिंगापूरच्या तोआ पायोहमधला तो छोटा हॉल सातपर्यंतच मिळाला होता. सातला तिथे बायकांचा लाइन डान्सचा वर्ग असे. ब्लूग्रासच्या, म्हणजे अमेरिकी लोकसंगीताच्या, कार्यक्रमातली एकच धून वाजायची राहिली होती, आणि तिच्यासाठीच विनीता शहराच्या उत्तर टोकाच्या वुडलँड्सहून आली होती. प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज फिरत असताना तीन वर्षं ती हीच धून हेडफोनवर ऐकत होती. ती रचणारा म्हातारा बँजोवादक वॉल्टर आज दहा हातांवर बसला होता, आणि उद्या अमेरिकेला परत चालला होता.

चूक तिचीच होती. गार्गी आणि दोघी मैत्रिणींबरोबर यायचा साधा बेत तिने इथल्या मराठी मंडळाच्या ईमेलवर टाकला. अध्यक्ष मनोहरकाकांनी एकदम बावीस तिकिटं घेतली आणि त्या जोरावर आयोजकांकडून सत्काराची परवानगी मिळवली.

"काका, कार्यक्रम संपल्यावर करू या ना," विनीता म्हणाली.

"संपल्यावर माणसं थांबतात का? मंडळाच्या सोळा वर्षांत थांबलीत कधी?"

तिने पुन्हा घड्याळ पाहिलं.

काकांनी प्रास्ताविक सुरू केलं. आमच्याकडेही वरातीत बेंजो वाजतो, असं ते इंग्रजीत म्हणाले; मग कोणाच्या वरातीत, हे ओघानेच आलं. वॉल्टर नम्रपणे मान हलवत राहिला. शेवटी त्याच्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ आला. टाळ्या झाल्या. विनीताने श्वास सोडला.

"विनी," गार्गी कुजबुजली, "शाल एकच आहे, कलाकार पाच."

"मग?"

"उरलेल्या चौघांना गुलाब. चार वेगळ्या पदाधिकाऱ्यांच्या हस्ते."

तीन गुलाब दिले गेले. चौथा खजिनदार निशिकांत देणार होते आणि ते बाथरूमला गेले होते.

"अगं, तू दे ना तो गुलाब!" विनीता गार्गीला म्हणाली.

"मी कार्यकारिणीवर नाहीये."

निशिकांत रुमालाला हात पुसत आले तेव्हा सहा त्रेपन्न झाले होते. काचेच्या दारापलीकडे गुलाबी टोप्या घातलेल्या बायका जमल्या होत्या. एकीने दार किलकिलं करून बजावलं, "सेव्हन ओक्लॉक अवर टर्न, लाह!"

"आता आभारप्रदर्शन," काकांनी माइकवर जाहीर केलं. "ही संध्याकाळ जिने सुचवली, ती आपली विनीता!"

विनीता दोन-दोन पायऱ्या ओलांडत मंचावर गेली. काकांनी तिला बत्तीस नावांचा कागद दिला. तिने तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"थँक यू," ती माइकवर म्हणाली. "प्लीज प्ले."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. वॉल्टरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरं हसू आलं. वाजवायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्याने नारळ विनीताकडे दिला आणि तारांवर बोटं ठेवली. खाली जायला आता वेळ नव्हता. ती तिथेच, त्याच्यापासून दोन हातांवर उभी राहिली. यापेक्षा जवळची जागा अख्ख्या हॉलमध्ये नव्हती. पहिला सूर आला. तिने डोळे मिटले.

"साउंडवाल्याचं नाव राहिलं," उजव्या कानाशी आवाज आला.

"काका, नंतर."

"नंतर कधी? हॉलचे मॅनेजर राहिले. फुलं आणणारी प्रियदर्शिनी राहिली. शाल थेट पुण्याहून आणली प्रबोधने, त्याचा साधा उल्लेख नाही! काय वाटेल त्याला?"

"काका, प्लीज!"

"मला काही नाही गं. माणसं दुखावतात." काकांनी बोटं मोजायला घेतली. कागद पर्समध्ये होता, पण बत्तीसच्या बत्तीस नावं त्यांना पाठ होती.

एकतिसावं नाव आलं आणि वॉल्टरने शेवटची तार छेडली. हॉल उभा राहिला. दारातल्या गुलाबी टोप्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

"वा!" काका डोळे पुसत म्हणाले. "काय वाजवलं गं! असं शांतपणे ऐकायला मिळणं म्हणजे नशीबच, नाही?"

विनीताने नारळ हळूच टेबलावर ठेवला. तो आता तिच्या हातात असणं बरं नव्हतं.