बेन नव्हे, बने

“आधी तू म्हण, मग मी म्हणतो,” बने काका एका ओल्याचिंब मुलाला सांगत होते. मुलगा कुडकुडत आपलं नाव चौथ्यांदा सांगत होता, आणि काकांचं समाधान होत नव्हतं.

बने काका आमचे शेजारी. वय सत्तरीपुढे, खांद्यावर कायम टॉवेल. रत्नागिरीत पोहण्याची कुठलीही स्पर्धा असली की माईक त्यांच्या हातात. पण ज्याचं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते कुणाचं नाव पुकारत नाहीत. “कागदावर स्पेलिंग असतं गो. नाव घरात असतं.” गॅसचा सिलिंडर घेऊन नवा माणूस आला, तरी त्याला अंगणाच्या दगडी गडग्यापाशी थांबवून आडनाव विचारतात आणि दोनदा म्हणून बघतात.

मी इंग्रजी शाळेतली. लहानपणी त्यांच्या दारावरची इंग्रजी पाटी मी मोठ्याने ‘बेन’ अशी वाचली. ते हसले नाहीत. पुढचा आठवडाभर मला गल्लीतल्या सगळ्या पाट्या वाचायला लावल्या. काळे, माने, मोरे. त्यानंतर मी मोठ्याने वाचणंच सोडलं.

यंदा सागरी जलतरणाची राष्ट्रीय स्पर्धा भाट्याच्या किनाऱ्यावर झाली. निवेदक मुंबईहून बोलावला होता. काकांना एक बिल्ला आणि खुर्ची मिळाली. खुर्चीवर ते बसले नाहीत. तीन दिवस वाळूत फिरून नावं गोळा करत राहिले. निकालांच्या लॅपटॉपवर मी होते. ते सांगायचे, मी देवनागरीत लिहायचे.

तामिळनाडूच्या एका मुलीपाशी ते फार रमले. “झेड-एच लिहितात आणि ळ म्हणतात. आपलाच ळ, बाय. लिही, कयलविळी. माशासारखे डोळे असलेली.” कुठला मासा ते विचारायचं राहिलं, याची त्यांना चुटपूट लागली. मुलीची आई बरोबर आली होती. तिला तमिळशिवाय काही येत नव्हतं, तरी काका तिच्याशी दहा मिनिटं बोलले.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मला स्वतःचं सांगितलं. तरुणपणी ते मुंबईत राष्ट्रीय स्पर्धेत पहिले आले होते. कप मी पाहिलेला होता. त्यांची आई खेडजवळच्या गावातून पहिल्यांदाच मुंबईला आली होती, हे माहीत नव्हतं. ती लांब बसली होती, डोळे अधू. माईकवरून ‘मिस्टर बेन’ पुकारलं गेलं. तिने त्या बेनसाठी टाळ्या वाजवल्या.

“मी कप दाखवला, तर म्हणाली, असू दे रे, पुढल्या वेळी तुझं नाव घेतील.” काका भात कालवत राहिले. “पुढली वेळ आली नाही गो. शेवटपर्यंत तिला वाटायचं, पहिला आलो असं मी तिचं मन राखायला सांगतोय.”

तिसऱ्या दिवशी वाऱ्यात ओरडून ओरडून त्यांचा आवाज पार बसला. बक्षीस समारंभाआधी त्यांनी आमची यादी निवेदकाला नेऊन दिली. त्याने नम्रपणे हसून ती पाण्याच्या बाटलीखाली ठेवली.

मुलींच्या दहा किलोमीटरमध्ये कयलविळी पहिली आली होती. निवेदकाने पुकारलं, “मिस कायल विझी.” लोक उभे राहिले. गर्दीच्या मागे, वाळूत, तिची आई टाळ्या वाजवत होती आणि टाचा उंचावून बघायचा प्रयत्न करत होती, कुणाची मुलगी ते.

काका तिच्याकडेच बघत होते. ते पुढे झाले, तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मग टॉवेल तोंडाशी धरून ते उभे राहिले.

माझ्यासमोर वेळा सांगण्यासाठी एक माईक ठेवलेला होता. तीन दिवस मी वेळा चिठ्ठीवर लिहून निवेदकाकडे सरकवत होते. मी माईकचं बटण दाबलं. सुरुवातीला माझा श्वासच सगळ्या किनाऱ्यावर ऐकू गेला. निवेदक वळला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्या बाईंकडे पाहिलं.

“पहिली,” मी म्हणाले, “कयलविळी.”